सात पेडलं, एक ॲम्प आणि एकाच वेळी चार बिघाड

पार्श्वभूमी

गोव्यात माशेलजवळच्या एका जुन्या चिऱ्याच्या घरात चार जणांचा बॅण्ड तालीम करतो. चवथीत सार्वजनिक गणेशोत्सवांच्या मंडपांत मराठी भावगीतं आणि सिनेमाची गाणी, नोव्हेंबरपासून कळंगुट-बागा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत इंग्रजी आणि कोकणी गाणी, असा त्यांचा वर्षाचा क्रम. हे प्रकरण त्यांच्या गिटारवादकाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्याच्याकडे सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या, एकेरी गुंडाळीच्या चुंबकांची) गिटार आहे. ॲम्प म्हणजे ४० वॉटचा, स्वच्छ आणि लीड अशा दोन चॅनेलचा व्हॉल्व्ह कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. त्यात १२ इंची एक स्पीकर, मागच्या बाजूला इफेक्ट्स लूपचे (ॲम्पच्या प्रीॲम्पनंतर पेडलं जोडायच्या वाटेचे) सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक, शिवाय मिक्सरला देण्यासाठी एक लाइन आउट. पेडलं, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये बसणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या डब्या, सात, बहुतेक दुसऱ्यांकडून घेतलेली: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन (स्वर खरखरीत करणारं), बॉस कंपनीचा जुना ॲनालॉग कोरस, डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि डिजिटल रिव्हर्ब (घुमारा देणारा). सातही पेडलं याच क्रमाने, एकामागून एक, ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जोडलेली होती. गिटारपासून पेडलांच्या बोर्डापर्यंत ६ मीटर केबल, बोर्डापासून ॲम्पपर्यंत आणखी ६ मीटर, मध्ये ३० सेंटिमीटरच्या सहा पॅच केबली. वीज एकाच ९ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पियर ॲडॅप्टरची, तिला सात तोंडांची डेझी चेन, म्हणजे सगळ्यांना एकच सामाईक वायर.

मंडपातल्या कार्यक्रमाची एक बाजू इथे आधीच सांगायला हवी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक, खास सवलतीचे दिवस सोडले तर, रात्री दहाला बंद करावे लागतात. आरती आटोपून कार्यक्रम उभा राहीपर्यंत साडेसात-आठ होतात, त्यामुळे साउंड चेकला वेळ उरत नाही. मंडपात ॲम्पही फार मोठा लावता येत नाही. पॉवर व्हॉल्व्ह ताणून मिळणारा खरखरीतपणा वगळून सगळं डिस्टॉर्शन पेडलांतून आणि ॲम्पच्या लीड चॅनेलच्या प्रीॲम्पमधूनच (संकेत आधी वाढवणाऱ्या भागातूनच) काढावं लागतं. गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) जितका वर, तितका मागचा कचराही वर येतो. म्हणून तालमीत चालून गेलेली गोष्ट मंडपात डोकं वर काढते.

अडचण

चवथीला दोन आठवडे उरले असताना तक्रार अशी होती: "बोर्ड लावला की आवाज येतो." या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

नीट ऐकल्यावर त्या वेगळ्या काढता आल्या. पहिला आवाज जाड, सलग हम, तारांना किंवा ॲम्पच्या धातूच्या पट्टीला हात लावला की कमी होणारा. त्याच्याच जोडीला एक लक्षण, ज्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं: तारा हातात असताना ओठ माइकला लागला की झिणझिण्या यायच्या. दुसरा आवाज बारीक किंकाळीसारखा, डिस्टॉर्शन दाबलं की उसळणारा. तिसरी तक्रार आवाजाची नव्हे, सुराची: लीड चॅनेलवर डिले लावला की सोलोचा चिखल व्हायचा. चौथी सगळ्यांत त्रासदायक, कारण ती मर्जीप्रमाणे यायची. मध्येच गिटार एकदम दबायची, दोन-चार सेकंदांनी किंवा जोराचा स्वर मारला की परत यायची.

तोवर करून झालेले उपाय: नवी महाग गिटार केबल घेतली, सहाही पॅच केबली बदलल्या, एका मित्राचा नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) आणून डिस्टॉर्शननंतर लावून पाहिला. प्रत्येक उपायानंतर निष्कर्ष एकच, "फरक नाही." चार बिघाड एकाच वेळी असतील तर एक दुरुस्त करूनही कानाला फारसा फरक कळत नाही, आणि माणूस बरोबर असलेला उपाय चुकीचा समजून सोडून देतो. केबली बदलण्याचं तेच झालं. जुन्या पॅच केबलींपैकी दोघींचा टाका खरंच सुटत आला होता. त्या बदलणं योग्यच होतं, पण बाकीच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू आलं नाही.

समोर असलेले पर्याय

बजेट दहा हजारांच्या आत. पर्याय पाच होते.

नॉइज गेट विकत घेणं सोपं होतं. पण गेट वाजवणं थांबल्यावरच दार लावतो. स्वर चालू असताना हम आणि किंकाळी दोन्ही स्वराबरोबर बाहेर येतात. शिवाय तो साखळीच्या शेवटी लावला तर डिलेची शेपूट कापतो. कारण शोधण्याआधी गेट घेणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

दुसरा सल्ला बफर, म्हणजे संकेत लांब केबल पेलेल असा करणारं छोटं सर्किट, घेण्याचा. लांब केबलमुळे सूर मंद होतो, हे खरं आहे. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते आणि पिकअपच्या इंडक्टन्सबरोबर तिचं अनुनाद-शिखर तयार होतं. पिकअप २.५ हेन्रीचा धरला, तर ६ मीटर केबलवर हे शिखर सुमारे ४.१ किलोहर्ट्झवर येतं. इथली सगळी लांबी, म्हणजे १३.८ मीटर, गिटारवर पडली असती तर ते २.७ किलोहर्ट्झपर्यंत घसरलं असतं. गिटारची धार तिथेच बोथट होते. पण बॉसच्या कोरसमध्ये बंद असतानाही चालणारा बफर आहे. बाकीची पेडलं ट्रू बायपास (बंद असताना संकेत जसाच्या तसा पुढे सोडणारी) असली तरी गिटारला फक्त कोरसपर्यंतची लांबी दिसते: ६ मीटर अधिक चार पॅच केबली, म्हणजे ७.२ मीटर. शिखर ३.७ किलोहर्ट्झच्या आसपास. नवा बफर घेऊन मिळणारा फायदा नगण्य होता, म्हणून तो पर्याय सोडला. हा निर्णय त्या वेळी बरोबर होता. पुढे तो पुन्हा तपासावा लागला.

तिसरा, सगळी पेडलं विकून एक मल्टि-इफेक्ट्स (सगळे परिणाम एकाच पेटीत) घेणं. विजेचे अर्धे प्रश्न त्याने मिटले असते, पण अर्थिंगचा आणि ॲम्पच्या जॅकचा नाही. चौथा, प्रत्येक पेडलला वेगळी, विलग वीज देणारा पॉवर सप्लाय. पाचवा, डिले आणि रिव्हर्ब ॲम्पच्या लूपमध्ये नेणं.

ठरलं असं की तपासणी पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही.

तपासणी

पद्धत एकच: गिटार आणि ॲम्प यांच्यात काहीही नसताना सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आणि प्रत्येक पायरीला ॲम्पच्या मुठी (नॉब) त्याच जागी ठेवायच्या. मुठींच्या जागी चिकटपट्टीवर पेनाने खुणा केल्या. फोन ॲम्पपासून एक मीटरवर एकाच जागी ठेवून प्रत्येक पायरीचं दहा सेकंद ध्वनिमुद्रण घेतलं, कारण दहा मिनिटांपूर्वीचा हम केवढा होता हे कानाला आठवत नाही.

पायरी पहिली: इनपुटला काहीच न जोडता ॲम्प चालू. रिकामा इनपुट जॅक आतून ग्राउंडला टेकलेला असतो, त्यामुळे इथे ऐकू येतो तो फक्त ॲम्पचा स्वतःचा आवाज. हलकी हिस होती, हम जवळजवळ नव्हता. म्हणजे ॲम्पचे फिल्टर कपॅसिटर ठीक असावेत.

पायरी दुसरी: फक्त गिटार, एका केबलने थेट ॲम्पला. हम हजर. पेडलं एकही नाहीत आणि हम आहे, म्हणजे हमचा बोर्डाशी संबंध नाही. तिथल्या तिथे आठवड्याभराचा संशय खोटा ठरला. गिटारवादक गोल फिरला की हम थोडा कमी-जास्त व्हायचा, तेवढा सिंगल कॉइल पिकअपचा स्वभाव. पण तारांना हात लावताच तो निम्म्याहून अधिक खाली यायचा, आणि झिणझिण्यांची गोष्ट लक्षात घेता अर्थिंग तपासणं भाग होतं.

हे काम गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे दिलं. २३० व्होल्टच्या सॉकेटात मल्टिमीटरच्या काड्या घालणं ज्याला सवय आहे त्यानेच करावं. भिंतीतल्या तीन-पिन सॉकेटात फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, फेज-अर्थही तितकंच, न्यूट्रल-अर्थ एक व्होल्टच्या आत. भिंत निर्दोष. तेच माप गिटारवादकाच्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं तर फेज-अर्थ ९० व्होल्टच्या आसपास, तेही स्थिर नाही. डिजिटल मीटर असे अधांतरी आकडे दाखवू लागला की समजायचं, ती पिन कुठेच जोडलेली नाही. एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. आत दोनच तारा. सॉकेटं तीन पिनांची, प्लग तीन पिनांचा, मध्ये दोन-कोअर वायर. दिव्याच्या माळा लावण्यासाठी कोणीतरी कधीतरी बनवलेला बोर्ड, तोच घेऊन तो मंडप ते हॉटेल सगळीकडे फिरत होता. "कुठेही गेलं तरी हम येतो" याचा उलगडा तिथे झाला.

हा भाग निव्वळ आवाजाचा नाही. अर्थ नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पची धातूची चौकट ट्रान्सफॉर्मरच्या गळतीमुळे अधांतरी व्होल्टेजवर तरंगते, आणि गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून त्याच चौकटीला जोडलेल्या असतात. माइक मिक्सरमार्फत अर्थ झालेला. दोहोंच्या मध्ये वादकाचा ओठ आणि हात. आज झिणझिण्या आहेत; ॲम्पच्या आतलं इन्सुलेशन एखाद्या दिवशी तुटलं तर तारांवर सरळ २३० व्होल्ट येतील. ओलसर मंडपात, अनवाणी पायांनी.

पायरी तिसरी: इलेक्ट्रिशियनने १.५ चौरस मिलिमीटरची तीन-कोअर वायर घालून बोर्ड नवा बांधला. हम पिकअपच्या नैसर्गिक पातळीवर आला, झिणझिण्या गेल्या. मग पेडलं एकेक करून वाढवली. ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस: शांत. डिलेला डेझी चेनचं तोंड लावताच डिस्टॉर्शनमधून किंकाळी सुरू. रिव्हर्ब जोडल्यावर ती दुप्पट. डिस्टॉर्शन बॅटरीवर चालवून पाहिलं: किंकाळी कमी झाली, गेली नाही. दोन्ही डिजिटल पेडलांची वीज काढून त्यांना वगळणारी केबल टाकली: पूर्ण शांतता.

सगळ्या पेडलांच्या मागचे आकडे जोडले: ट्यूनर ३०, कॉम्प्रेसर १०, ओव्हरड्राइव्ह १०, डिस्टॉर्शन १५, कोरस २०, डिले ६५, रिव्हर्ब ९५. एकूण २४५ मिलिॲम्पियर. ॲडॅप्टर ५०० चा. वीज कमी पडत नव्हती, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. जास्त मिलिॲम्पियरचा ॲडॅप्टर घेतात. डिजिटल पेडलातलं घड्याळ आणि प्रोसेसर वीज झटक्याझटक्याने ओढतात. डेझी चेनमध्ये वजा आणि अधिक दोन्ही तारा सगळ्यांना सामाईक असल्याने ते झटके शेजारच्या पेडलांच्या ग्राउंडमध्ये शिरतात. डिस्टॉर्शनचं काम लहान संकेत शेकडो पट वाढवणं, ते हे झटकेही तितक्याच इमानदारीने वाढवतं. ५०० च्या जागी २००० चा ॲडॅप्टर लावला असता तरी वायर तीच सामाईक राहिली असती.

पायरी चौथी, दबणाऱ्या आवाजाची. आवाज दबलेला असतानाच लूपच्या सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल घातली. गिटार तत्क्षणी पूर्ण ताकदीने परत आली. लूप वापरात नसताना संकेत रिटर्न जॅकमधल्या एका स्प्रिंगच्या पट्टीवरून जातो. प्लग घातला की पट्टी उचलली जाते. पावसाळ्याच्या दमट हवेत आणि हंगामातल्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं न वापरलेल्या पट्टीवर ऑक्साइडचा थर चढतो. जोराचा स्वर तो थर क्षणभर भेदतो, म्हणून "मारलं की परत येतो." गोव्यासारख्या किनारी हवेत लूप असलेला जुना ॲम्प अधूनमधून दबत असेल, तर पेडलांना हात लावण्याआधी हीच चाचणी करावी. एक पॅच केबल, दहा सेकंद.

निर्णय आणि कृती

एक्स्टेन्शन आधीच झालं होतं. दुसरी खरेदी विलग पॉवर सप्लायची. बाजारात "आयसोलेटेड" लिहिलेले अनेक स्वस्त सप्लाय आतून सामाईक ग्राउंडचे असतात. दुकानात एक सोपी परीक्षा केली: सप्लायला वीज न देता, मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन वेगळ्या आउटलेटांच्या प्लगची आतली, म्हणजे वजा टोकं तपासली. बीप वाजला तर ग्राउंड एकच. पहिला सप्लाय वाजला, तो परत ठेवला. दुसरा वाजला नाही. त्यात आठ आउटलेट होती: सहा ९ व्होल्ट १०० मिलिॲम्पियरची, दोन ३०० मिलिॲम्पियरची आणि ९ किंवा १२ व्होल्टवर बदलता येणारी. रिव्हर्ब ९५ मिलिॲम्पियर घेतो. १०० च्या आउटलेटवर ते फार घासून होतं, म्हणून त्याला ३०० चं दिलं.

किंकाळी गेली, आणि लगेच नवी तक्रार आली: कोरसचा दिवा मिणमिणता, आवाज फाटका. दोन तास पेडल खराब झालं असंच सगळ्यांना वाटत होतं. मग मागचं लेबल वाचलं: "एसीए". बॉसची ही जुनी पेडलं १२ व्होल्टच्या अनियंत्रित ॲडॅप्टरसाठी बनवलेली. आत एक रेझिस्टर आणि डायोड व्होल्टेज उतरवून घेतात. डेझी चेनवर शेजारच्या पेडलांच्या केबलींमधून ग्राउंड मिळाल्याने तो रेझिस्टर टळायचा, म्हणून ९ व्होल्टवरही ते व्यवस्थित चालायचं. विलग आउटलेटवर ती आडवाट बंद झाली. कोरसला १२ व्होल्टवर केलेलं दुसरं आउटलेट दिलं, आणि त्या वायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळली. ९ व्होल्टचं पेडल चुकून त्यावर लागलं तर जळू शकतं.

तिसरी गोष्ट, डिलेचा चिखल. लीड चॅनेलचा प्रीॲम्प संकेताची शिखरं कापतो. डिले त्याच्या आधी असेल तर हळूहळू विरत जाणारे प्रतिध्वनीही कापले जाऊन जवळजवळ सारख्याच उंचीचे होतात, आणि नवा स्वर जुन्या स्वरांत मिसळून एकत्रच विकृत होतो. डिले प्रीॲम्पनंतर, म्हणजे लूपमध्ये गेला की आधी विकृत झालेला स्वर स्वच्छपणे पुन्हा उमटतो. त्यासाठी चार केबलींची जोडणी केली: गिटार ते बोर्ड, बोर्डाचा पुढचा भाग ते ॲम्प इनपुट, ॲम्पचा सेंड ते डिले, रिव्हर्ब ते ॲम्पचा रिटर्न. ॲम्पकडे जाणाऱ्या तीन केबली प्रत्येकी ५ मीटरच्या घेतल्या.

पहिल्या मांडणीत कोरस, डिले, रिव्हर्ब तिघंही लूपमध्ये नेले, कारण कोरससारखी मॉड्युलेशन पेडलं लूपमध्ये असावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो. डिले स्वच्छ झाला. पण सगळी पेडलं बंद केल्यावर गिटार बोथट वाटू लागली. कारण सरळ होतं: कोरसचा बफर पुढच्या भागातून निघून गेला. आता गिटारला ६ मीटर, तीन पॅच केबली आणि ॲम्पपर्यंतचे ५ मीटर अशी ११.९ मीटर सलग लांबी दिसत होती, शिखर २.९ किलोहर्ट्झवर आलं. आधी नाकारलेला बफर आता गरजेचा झाला होता.

दोन वाटा होत्या: बफर विकत घेऊन साखळीच्या सुरुवातीला लावणं, किंवा कोरस परत पुढे आणणं. गिटारवादक कोरस फक्त स्वच्छ चॅनेलवर वापरतो. स्वच्छ चॅनेलवर प्रीॲम्प काही कापत नाही, त्यामुळे कोरस आधी असला काय आणि नंतर असला काय, फरक फार थोडा. कोरस डिस्टॉर्शननंतर, पुढच्या भागाच्या शेवटी बसवला. त्याच्या बफरने ॲम्पपर्यंतची ५ मीटर केबल पेलली, गिटारवर पुन्हा ७.२ मीटरच उरली. खर्च शून्य. लीड चॅनेलवर कोरस वापरणाऱ्याला मात्र हे चाललं नसतं. त्याला बफर घ्यावाच लागला असता.

लूपमध्ये आणखी एक अडथळा आला. सेंडची पातळी पेडलांच्या मानाने चढी निघाली आणि डिलेचा ओव्हरलोड दिवा लाल होऊ लागला. या ॲम्पचा मास्टर व्हॉल्यूम लूपच्या नंतर आहे. त्यामुळे चॅनेल व्हॉल्यूम ७ वरून ४ वर उतरवला, मास्टर तेवढा चढवला. एकूण मोठेपणा तोच, दिवा विझला.

तीन केबली बोर्डापासून ॲम्पपर्यंत वेगवेगळ्या पसरल्या होत्या तेव्हा किंचित हम परतला होता. त्यांच्या जाळ्या दोन्ही टोकांना एकत्र येऊन एक वेटोळं बनवतात. वेटोळ्याचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं ते आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. तिन्ही केबली एका सर्पिल आवरणात बांधल्या, विजेच्या वायरीपासून दूर ठेवल्या, जिथे ओलांडणं अटळ तिथे काटकोनात ओलांडल्या. तेवढ्याने भागलं.

राहिला रिटर्न जॅक. इथे एक मोह होता. चार केबलींच्या जोडणीत रिटर्नमध्ये प्लग कायम असल्याने ती गंजलेली पट्टी वापरातच येत नाही, म्हणजे लक्षण आपोआप गायब. पण छोट्या कार्यक्रमांना तो लूप वापरणार नव्हता, आणि बिघाड नेमका तेव्हा परतला असता. म्हणून ॲम्पचा प्लग भिंतीतून काढून, एका मोनो प्लगला कॉन्टॅक्ट क्लीनर लावून तो रिटर्नमध्ये पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केला, रात्रभर सुकू दिला. गंज काढायचा साधा तेलकट स्प्रे इथे वापरू नये. तेलाचा थर राहतो आणि धूळ धरतो. ॲम्प उघडला नाही. व्हॉल्व्ह ॲम्पच्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही काहीशे व्होल्ट साठून राहू शकतात.

मंडपातला निर्णय

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, आठ वाजायला दहा मिनिटं असताना, साउंडवाल्याने ॲम्पच्या लाइन आउटमधून मिक्सरला केबल नेली आणि ५० हर्ट्झचा हम सगळ्या मंडपात घुमला. नवा एक्स्टेन्शन बोर्ड, नवा सप्लाय, तरी हम.

"बाब, प्लगाची वरची जाडी पिन काढूया काय? लगेच जातो बघा."

"नको दादा, पिन राहू दे. सिग्नलची लाइन तोडूया, अर्थ नको."

पिन काढून हम खरंच गेला असता. म्हणूनच ही सवय इतकी पसरली आहे. ॲम्प एका बाजूच्या सॉकेटवर, मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जनरेटरच्या लाइनवर. दोन्ही अर्थ झालेले, आणि लाइन आउटच्या केबलच्या जाळीने ते पुन्हा एकमेकांना जोडलेले. दोन अर्थांमधला थोडासा फरक त्या जाळीतून वाहतो आणि हम होतो. तोडायची ती जाळी, संरक्षणाचा अर्थ नव्हे. साउंडवाल्याकडे ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (संकेत ट्रान्सफॉर्मरमधून मिक्सरला देणारी पेटी) होता. लाइन आउट त्यातून नेली, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. ते बटण फक्त संकेताच्या केबलची जाळी सोडवतं. ॲम्पची चौकट अर्थलाच राहते. हम गेला. डीआय नसता तर लाइन आउट सोडून स्पीकरसमोर माइक ठेवणं हा दुसरा सुरक्षित मार्ग होता. पुढच्या कार्यक्रमापासून ॲम्प आणि मिक्सर एकाच वितरण पेटीवर, ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीमागे (वीज गळू लागताच लाइन तोडणाऱ्या स्विचमागे) घ्यायचं मंडळाच्या इलेक्ट्रिशियनने मान्य केलं.

परिणाम

किंकाळी पूर्ण गेली. आवाज दबणं पुढच्या पाच कार्यक्रमांत एकदाही झालं नाही. सोलोतला डिले स्पष्ट झाला, इतका की आधी चिखल झाकण्यासाठी वाढवलेली प्रतिध्वनींची संख्या त्याने पाचावरून तीनवर आणली. हम मात्र शून्य झाला नाही. स्टेजच्या दिव्यांच्या डिमरजवळ सिंगल कॉइल अजून भुणभुणते. या गिटारचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला असल्याने पिकअप निवडायच्या सिलेक्टरच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ती भुणभुण विझते. शांत गाण्यांत तो त्याच जागा वापरतो.

तोटा एकच: जोडणीला एकाऐवजी चार-पाच मिनिटं लागतात. त्यासाठी केबलींच्या टोकांना रंग दिले: इनपुट पांढरा, सेंड पिवळा, रिटर्न निळा. पहिल्या रात्री पिवळा-निळा उलट लागला होता आणि ॲम्पमधून काहीच आलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

झिणझिण्या ही पहिल्याच दिवशीची तातडीची तक्रार मानायला हवी होती. ती महिनाभर "दमट हवेमुळे होतं" म्हणून सोडून दिली गेली. आवाज सहन होतो, हे सहन करू नये. अर्थिंगचं माप सगळ्यांत आधी घेतलं असतं तर महाग गिटार केबलीचा खर्च आणि एक आठवडा, दोन्ही वाचले असते.

तक्रार "आवाज येतो" अशी एका वाक्यात न मांडता कुठला आवाज, कधी, कशाने बदलतो, असं चार ओळींत लिहून काढलं असतं तर चार बिघाड पहिल्या संध्याकाळीच वेगळे दिसले असते. फोनवरचं ध्वनिमुद्रणही केबली बदलण्याआधी सुरू करायला हवं होतं. तेव्हा कळलं असतं की केबलींनी थोडा का होईना फरक पडला होता.

पॉवर सप्लाय घेण्यापूर्वी सातही पेडलांची मागची लेबलं पूर्ण वाचायला हवी होती, फक्त मिलिॲम्पियर नव्हे. एसीएची खूण तेव्हाच दिसली असती. इथे योगायोगाने १२ व्होल्टचं आउटलेट होतं. नसतं तर सप्लाय बदलावा लागला असता.

बफरबाबत चूक निर्णयात नव्हती, तो गृहीत धरण्यात होती. पेडलांचा क्रम बदलला की गिटारला दिसणारी केबलची लांबी पुन्हा मोजायची, हे मांडणी बदलण्याच्या यादीत आधीच असायला हवं होतं. आता बोर्डाच्या खाली चिकटवलेल्या कागदावर ते आहे: पेडल, व्होल्टेज, मिलिॲम्पियर, आउटलेट क्रमांक, आणि बफर कुठे.

रिटर्न जॅक सध्या साफ आहे, पण पट्टीचा मुलामा झिजलेला आहे. तो दिवाळीनंतर, किनाऱ्यावरचा हंगाम सुरू होण्याआधी, ॲम्पच्या मेकॅनिककडून बदलून घ्यायचं ठरलं आहे. तोवर बिनलूपच्या कार्यक्रमांना सेंड-रिटर्नमध्ये ती छोटी पॅच केबल कायम लावलेली असते.